यशस्वी स्त्री गीतकारांच्या आयुष्यात समान काय दिसतं?

गोदाकाठ
गीतकार म्हणून टिकलेल्या बायकांची चरित्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली की काही गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. 'प्रतिभा' आणि 'संघर्ष' हे दोन शब्द बाजूला ठेवू, ते सगळ्यांनाच लागू पडतात. मला तीन ठोस गोष्टी दिसतात.

पहिली, गाण्यावर पोट नसणं. शांता शेळके आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये होत्या, मग नागपूरला हिस्लॉप कॉलेजात आणि पुढे मुंबईत मराठी शिकवत राहिल्या. अमेरिकन गीतकार-संगीतकार कॅरोल किंग सेक्रेटरीची नोकरी करायची, तिचा नवरा गेरी गॉफिन रसायनशाळेत होता, आणि गाणी संध्याकाळी व्हायची. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' १९६१च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि घरात वर्षही न झालेली मुलगी होती.

दुसरी, संगीतकाराच्या खोलीत रोजची ऊठबस. घरी लिहून टपालाने पाठवलेल्या कवितांवर कारकीर्द उभी राहिलेली फारशी दिसत नाही.

तिसरी, कागद. हक्क कोणाच्या नावावर आहे, हे ज्यांनी वेळेवर पाहिलं त्यांना उतारवयात पैसा मिळाला. बाकीच्यांना हारतुरे मिळाले.

तुम्हाला आणखी काय दिसतं? यातलं काय खोडाल? तपशिलासकट लिहा, कारण या विषयावर मोघम कौतुक भरपूर झालंय.

मात्रावृत्त
दुसऱ्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. चालीवर लिहिणं हे वेगळंच काम आहे आणि ते बसूनच शिकावं लागतं. संगीतकार चाल देतो ती 'ला ला'वर किंवा निरर्थक डमी शब्दांवर. आधी सम (तालाची पहिली मात्रा) कुठे पडते ते खुणेने मांडायचं, मग प्रत्येक ओळीत किती अक्षरं मावतात ते मोजायचं, मग लांबवलेले सूर कुठे आहेत त्यावर रेघ ओढायची. शब्द त्यानंतर. मुखड्याचा शेवटचा शब्द आधी ठरवलेला बरा, कारण दोन्ही अंतरे फिरून त्याच यमकावर यायचे असतात.

बिघडतं कुठे? लांबवलेल्या सुरावर अकारान्त शब्द आला की गायकाला शेवटचा 'अ' ओढावा लागतो आणि शब्द बेढब होतो. तिथे आ, ई, ऊ, ए पाहिजे. तारसप्तकात 'ई' बारीक होते, 'आ' मोकळा लागतो. जोडाक्षर द्रुत जागेवर आलं तर अर्धा वर्ण गिळला जातो. आणि श्वासाची जागा शब्दाच्या मधोमध आली तर 'पाहता'चं 'पाह... ता' होतं. हे कागदावर कधीच दिसत नाही, पेटीशेजारी बसलं की पहिल्याच फेरीत दिसतं.

आता शांताबाईंच्या 'तोच चंद्रमा नभात तीच चैत्रयामिनी' या ओळीच्या मात्रा मोजा. तोच (२+१), चंद्र (२+१), मा न (२+१), भात (२+१), तीच (२+१), चैत्र (२+१), यामि (२+१), नी (२). तीन-तीन मात्रांचे सात गट आणि शेवटी दोन मात्रांचा दीर्घ. प्रत्येक गट गुरूवर सुरू होतो: तो, चं, मा, भा, ती, चै, या, नी. एकही आघात लघूवर पडत नाही. शेवटी 'नी' ठेवल्यामुळे ओळ हवी तितकी लांबवता येते. ही ओळ हातात आल्यावर संगीतकाराला शब्द मोडावा लागत नाही.

तारसप्तक
@मात्रावृत्त, सुरेख. बहिणाबाईंची ओळही मोजून बघा. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, आठ अक्षरं. ज-सा-त-वा-चू-ल्ह्या-व-र, पुन्हा आठ. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या तोंडात अष्टाक्षरी इतकी पक्की बसलेली होती, ती जात्यावरच्या हाताच्या फेऱ्यांमुळे. तिथे पेटी नव्हती, पण ताल रोजचा होता. तेव्हा गोदाकाठ यांचा दुसरा मुद्दा थोडा रुंद करा: 'संगीतकाराच्या खोलीत' असं न म्हणता 'रोजच्या तालात' म्हणा.

अमेरिकन गायिका-गीतकार डॉली पार्टनचं बघा. १९८०च्या 'नाईन टू फाईव्ह' चित्रपटाच्या सेटवर तिने आपली लांब कृत्रिम नखं एकमेकांवर घासून टाइपरायटरसारखा आवाज काढला आणि त्या ठेक्यावर गाणं बांधलं. रेकॉर्डिंगमध्येही तो नखांचा ठेका आहे. कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल, तिला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डाव्या हातात जोर उरला नाही, म्हणून तिने गिटारच्या तारा वेगळ्या स्वरांत लावायला सुरुवात केली. तिचे जे सूर लोकांना अनोखे वाटतात ते तारा लावण्याच्या त्या पद्धतीतून आले. ज्या हाताने काम करायचं तोच हात गाण्याचा साचा ठरवतो.

एडिसनकर
पैशाचं गणित कोणी मांडत नाही म्हणून मांडतो. अमेरिकेत १९०९च्या कायद्याने रेकॉर्डमागे गाण्याचा दर २ सेंट ठरवला आणि तो १९७८पर्यंत तसाच राहिला. म्हणजे १९६१ साली एखाद्या गाण्याच्या दहा लाख रेकॉर्ड खपल्या तर गाण्याच्या वाट्याला एकूण २० हजार डॉलर. रूढ करारात त्यातला अर्धा प्रकाशक कंपनीचा, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचा. उरले १० हजार, ते शब्द आणि चाल यांच्यात वाटले की माणशी ५ हजार. पहिल्या क्रमांकाच्या गाण्याचे! रेडिओवर वाजल्याचे पैसे वेगळे, पण तिथेही अर्धा वाटा प्रकाशकाचाच.

आता यातला प्रकाशकाचा अर्धा भाग स्वतःकडे ठेवला तर उत्पन्न दुप्पट होतं. डॉली पार्टन १९६४ला शाळा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी नॅशव्हिलला गेली आणि दोन वर्षांत मामाबरोबर स्वतःची प्रकाशन कंपनी काढून बसली. म्हणूनच १९७४मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या मॅनेजरने 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'साठी प्रकाशनाचा अर्धा हक्क मागितला तेव्हा तिच्याकडे नाही म्हणायला काहीतरी होतं. एल्व्हिसने ते गाणं गायलं नाही. १९९२ला व्हिटनी ह्यूस्टनने गायलं, चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि लेखिकेचा आणि प्रकाशकाचा, दोन्ही वाटे पार्टनकडे आले.

जोनी मिचेलनेही 'सिक्वॉम्ब' नावाची स्वतःची प्रकाशन कंपनी काढली होती. जूडी कॉलिन्सच्या आवाजात 'बोथ साइड्स नाऊ' १९६८ला गाजलं, तेव्हा मिचेलचं नाव गायिका म्हणून फारसं कोणाला माहीत नव्हतं.

नागपूरकर
हिस्लॉपचा उल्लेख वाचून छाती फुगली. बाकी चालू द्या.

स्वल्पविराम
मला चौथा मुद्दा महत्त्वाचा वाटतो आणि तो कोणी घेतलाच नाही: मोठा आघात. बहिणाबाईंना तिशीत वैधव्य आलं, पदरात तीन मुलं. जोनी मिचेलने १९६५ला जन्मलेली मुलगी परिस्थितीमुळे दत्तक दिली. कॅरोल किंगचा घटस्फोट झाला आणि त्यानंतर १९७१ला तिचा 'टॅपेस्ट्री' हा अल्बम आला, पंधरा आठवडे अव्वल. दुःखाशिवाय ही गाणी झालीच नसती असं माझं ठाम मत आहे.

रानजाई
@स्वल्पविराम, इथे मी अजिबात सहमत नाही. पुरुषाचं गाणं वाचताना आपण म्हणतो 'काय शब्दकळा आहे', आणि बाईचं वाचताना 'काय सोसलं असेल बिचारीने'. 'टॅपेस्ट्री'मधलं 'इट्स टू लेट' घ्या. संबंध संपल्याचं गाणं, किंगच्या आवाजात, घटस्फोटानंतरच्या काळात. लोक बिनदिक्कत तिच्या आयुष्याला जोडतात. पण ते शब्द तिचे नाहीतच. टोनी स्टर्न नावाच्या दुसऱ्या गीतकार बाईचे आहेत, किंगची फक्त चाल. मग आता कोणाच्या दुःखाचं काय करायचं?

आणि शांताबाई. 'मी डोलकर' हे कोळी पुरुषाच्या तोंडचं गाणं एका मराठीच्या प्राध्यापिकेने लिहिलंय. होडीचं, दर्याचं, बंदरावरच्या बोलीचं भान तिने कानाने आणि अभ्यासाने मिळवलं. ते सोसून मिळत नाही. त्याच हातून 'रेशमाच्या रेघांनी'सारखी ठसकेबाज लावणी आली, 'गणराज रंगी नाचतो' आलं, 'काटा रुते कुणाला' हे नाट्यपद आलं. यातली आत्मकथा कुठली? सगळ्याच असतील तर ती बाई एका आयुष्यात पाच आयुष्यं जगली म्हणायचं.

माझ्या मते समान गोष्ट ही: दुसऱ्याच्या तोंडी शोभेल असं लिहिण्याची सवय. पुरुषाच्या, म्हाताऱ्याच्या, नवऱ्या मुलीच्या, देवाच्या.

स्वल्पविराम
रानजाई, 'इट्स टू लेट'चं पटलं. पण जोनी मिचेलचं 'लिटल ग्रीन' वाचा. ते गाणं दत्तक दिलेल्या मुलीसाठीच आहे आणि १९७१च्या 'ब्लू' या अल्बममध्ये उघडपणे छापलेलं आहे. कितीतरी वर्षं श्रोत्यांना कळलं नाही. आई आणि मुलगी भेटल्या १९९७ला. तेव्हा आयुष्य गाण्यात असतं, फक्त ते असं झाकलेलं असतं की तिऱ्हाइताला ते स्वतःचं वाटावं. डॉलीचं 'कोट ऑफ मेनी कलर्स'ही तसंच, आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटाचं. प्रवासात बसमध्ये कागद नव्हता म्हणून धोब्याच्या पावतीमागे लिहिलं. बारा भावंडांत चौथी, घरची गरिबी. हे अभ्यासाने येत नाही.

रानजाई
धोब्याची पावती होती गायक पोर्टर वॅगनरच्या सुटाची, आणि डॉली वॅगनरच्या कार्यक्रमात नोकरीला होती. म्हणजे गोदाकाठ यांचा पहिला मुद्दा. :)

'लिटल ग्रीन' मान्य. दोन्ही प्रकार आहेत एवढं तरी धरू.

ताम्रपट
थोडं अवांतर, पण विषयाला लागून. 'तोच चंद्रमा'चं मूळ 'यः कौमारहरः' या संस्कृत श्लोकात आहे. सुभाषितसंग्रहांत तो शीलाभट्टारिकेच्या नावावर येतो, मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त उद्धृत केल्यामुळे पाठ्यक्रमात टिकला. भांडारकर संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२३च्या सुमाराला एका चालुक्य ताम्रपटाच्या वाचनावरून ती दुसऱ्या पुलकेशीची मुलगी होती असं मांडलं.

गंमत अशी, की श्लोकात बोलणारी स्त्री आहे: तोच पती, त्याच चैत्रातल्या रात्री, मीही तीच, तरी मन रेवेच्या (नर्मदेच्या) काठी धावतं. शांताबाईंनी चैत्राची रात्र आणि 'तेच सारं' ही मांडणी घेतली आणि बोलणारा पुरुष केला, कारण गाणार होते सुधीर फडके. रेवाकाठ गेला. एका स्त्रीचा उद्गार दुसऱ्या स्त्रीने पुरुषाच्या गळ्यात घातला. रानजाई जे म्हणतेय त्याचा याहून चांगला दाखला मराठीत सापडणार नाही.

मात्रावृत्त
ताम्रपट, वाचनखूण साठवली.

त्या बदलातलं कामही लक्षात घ्या. संस्कृत श्लोक शार्दूलविक्रीडितात आहे, एका चरणात १९ अक्षरं आणि यती (थांबा) बाराव्या अक्षरावर. तो तसाच मराठीत आणला तर भावगीत होत नाही. एका ओळीत एकच चित्र, आणि 'तोच-तीच' हा शब्द प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला, म्हणजे आघातावर. आशय हलका केला नाही, ओळीतली गर्दी तेवढी कमी केली. भाषांतर करून गाणं करू पाहणारे इथेच अडतात, मूळचं सगळं घेण्याच्या नादात.

कायदेपंडित_पुणे
एडिसनकरांनी अमेरिकेचं सांगितलं, आपल्याकडचं लिहितो, कारण नव्या लिहिणाऱ्या मुलींना खरी गरज त्याची आहे.

१९७७ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, उलट करार नसेल तर. त्यामुळे त्यापुढची कितीतरी वर्षं गीतकाराला एकरकमी पैसे घेऊन घरी जावं लागलं. बाई असो की पुरुष. २०१२ची दुरुस्ती २१ जूनला लागू झाली. तेव्हापासून कलम १८ आणि १९ प्रमाणे चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या शब्दांच्या वापराची रॉयल्टी समान वाट्याने मिळण्याचा हक्क लेखकाला विकताच येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला तेवढा देता येतो. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजणं हा अपवाद. 'मी सर्व हक्क, रॉयल्टीसह, सोडत आहे' असं वाक्य करारात असलं आणि खाली सही असली, तरी रॉयल्टीपुरतं ते वाक्य चालत नाही. हे ठाऊक नसल्याने पोरी घाबरून गप्प बसतात.

करारात तीन जागा बघायच्या. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. आणि हस्तांतर घेतल्यापासून एका वर्षात वापर झाला नाही तर तो हक्क परत लेखकाकडे येतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून तयार नमुन्यात 'कायमस्वरूपी, सर्व जगासाठी, वापर न झाला तरीही' हे शब्द आधीच घातलेले असतात. ते खोडायला सांगायचे, निदान मुदतीचा आकडा तरी घालून घ्यायचा.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, गाणं लिहिल्याक्षणी हक्क असतो. तरी पुरावा म्हणून नोंदवलेलं बरं. फॉर्म चौदा, साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये, डायरी क्रमांक मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांना अंधेरीतल्या पटकथालेखक संघातही गीत नोंदवता येतं, ते झटपट होतं.

जाईजुई
धन्यवाद कायदेपंडित दादा. एक प्रश्न: नोंदणी केली, करार नीट केला, तरी पैसे येत नाहीत अशी तक्रार खूप ऐकू येते. अडतं कुठे?

कायदेपंडित_पुणे
@जाईजुई, बहुतेक वेळा नावात.

रॉयल्टी गोळा करते सोसायटी, शब्द-संगीतासाठी आपल्याकडे आयपीआरएस, १९६९ची संस्था. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाणं स्वतंत्र नोंदवावं लागतं: गाण्याचं नाव, पर्यायी नाव, गीतकार, संगीतकार, प्रकाशक, गायक, अल्बम किंवा चित्रपट, वर्ष, भाषा, आणि ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी क्रमांक. सदस्यत्व घेतलं आणि गाणी नोंदवलीच नाहीत, तर खात्यात काही पडणार नाही.

दुसरी गोची बायकांच्या बाबतीत हमखास होते: आडनाव. पहिली दहा गाणी माहेरच्या आडनावावर, पुढची वीस सासरच्या, त्यातली पाच नुसत्या पाळण्यातल्या नावावर. यंत्राच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बायका. उपाय सोपा आहे. सदस्याला आयपीआय क्रमांक, म्हणजे लेखकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मिळतो. एका व्यक्तीच्या मूळ क्रमांकाखाली एकाहून जास्त नावं जोडता येतात, टोपणनावंही. सगळी नावं एकदाच जोडून घ्यायची, आणि गाणं देताना संगीत कंपनीला नावाचं एकच स्पेलिंग लेखी कळवायचं.

तिसरी गोची, 'पारंपरिक' हा शिक्का. नव्याने लिहिलेली ओवी किंवा भारूड अपलोड करताना गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' टाकलं की ते गाणं कोणाचंच राहत नाही.

तारसप्तक
नावाचा मुद्दा फार जुना आहे! शांताबाई 'वसंत अवसरे' या नावाने लिहायच्या. लता मंगेशकर संगीतकार म्हणून 'आनंदघन' होत्या, १९६५च्या 'साधी माणसं'ला तेच नाव. कॅरोल किंगचं जन्मनाव कॅरल क्लाइन. यादी करताना टोपणनावाचा रकाना ठेवलाच पाहिजे, नाहीतर निम्मं काम हरवेल.

आणि 'पारंपरिक'बद्दल: हेमा राईरकर आणि गी पॉत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांचं मोठं काम असं की ओवी कुठल्या गावच्या कुठल्या बाईने गायली हे त्यांनी टिपून ठेवलं. संग्राहक नाव लिहीत नाही तेव्हा 'लोकगीत' तयार होतं.

एडिसनकर
याच कारणाने एलिझाबेथ कॉटन आठवली. नॉर्थ कॅरोलिनाची कृष्णवर्णीय बाई, डावखुरी, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायची. 'फ्रेट ट्रेन' तिने लहानपणी बांधलेलं. पुढे ती लोकसंगीतातल्या सीगर कुटुंबात घरकाम करत असताना ते गाणं इंग्लंडला पोचलं आणि तिथे दोन पुरुषांनी स्वतःच्या नावाने नोंदवलं. सीगर कुटुंबाने पाठपुरावा केला म्हणून तिचं नाव त्यावर लागलं. नव्वदीच्या आसपास ग्रॅमी मिळालं.

गोदाकाठ, इथे तुमचा मुद्दा उलटा करून बघा. कागद वेळेवर झाला नव्हता, तरी साक्षीदार होते. बहिणाबाईंचं तेच झालं. मुलगा सोपानदेवांनी गाणी उतरवून ठेवली, अत्र्यांनी पाहिली, १९५२ला पुस्तक आलं, बाई १९५१च्या डिसेंबरातच गेल्या होत्या. घरात लिहून घेणारा नसता तर काही उरलं नसतं.

कायदेपंडित_पुणे
बहिणाबाईंवरून सांगून ठेवतो, कारण चाली लावणारे विचारत असतात. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण. १९५२च्या संग्रहातली गाणी २०१२ संपताना मुक्त झाली. शांताबाई २००२ला गेल्या, त्यांचे शब्द २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत, परवानगीशिवाय नवी चाल लावून प्रसिद्ध करू नका. गाणं मुक्त झालं म्हणून गीतकाराचं नाव गाळायला मात्र कोणालाच मोकळीक नाही.

स्वल्पविराम
वंदना विटणकर राहिल्या की! 'शोधिसी मानवा', 'अगं पोरी संभाळ दर्याला तुफान आयलंय भारी', 'हे मना आज कोणी'. रफींची मराठी गाणी म्हणून सगळ्यांना पाठ, श्रीकांत ठाकरेंचं संगीत म्हणूनही माहीत. गीतकार विचारली की शांतता. 'अगं पोरी' आणि 'मी डोलकर' ही दोन कोळीगीतं, दोन्ही बायकांची, हे कोणी एकत्र सांगत नाही याचा खरंच राग येतो.

नागपूरकर
हिंदीतलं कोणी सांगेल का? तिथे नावंच आठवत नाहीत.

रानजाई
आठवतील, गाणी सांगते. 'आशिकी'तलं 'धीरे धीरे से मेरी जिंदगी में आना' आणि 'मैं खिलाडी तू अनाडी'तलं 'चुरा के दिल मेरा', दोन्ही राणी मलिक. त्याच चित्रपटाचं शीर्षकगीत माया गोविंद. 'फलक तक' आणि 'माना के हम यार नहीं' कौसर मुनीर, ती आधी दूरचित्रवाणी मालिका लिहायची. अन्विता दत्त जाहिरात क्षेत्रातून आली. पुन्हा तेच, शब्दांवर पगार देणारं दुसरं काम आधीपासून हातात.

एक फरक मात्र ठळक आहे. न्यूयॉर्कमध्ये साठच्या दशकात बायका जोडीने शिरल्या: किंग आणि गॉफिन, सिंथिया वाइल आणि बॅरी मान, एली ग्रीनविच आणि जेफ बॅरी, तिन्ही नवरा-बायको. या सगळ्यांना तिथल्या एका इमारतीवरून ब्रिल बिल्डिंगचे गीतकार म्हणतात, पण किंग आणि वाइल समोरच्या १६५० ब्रॉडवेत बसायच्या. खुराड्याएवढ्या खोल्या, प्रत्येकीत एक पियानो, शेजारच्याचं गाणं भिंतीतून ऐकू येणारं. आपल्याकडे अशी जोडपी नव्हती. शांताबाई अविवाहित होत्या, त्यांचं काम चाललं ते हृदयनाथ, फडके, अभिषेकी अशा वेगवेगळ्या संगीतकारांबरोबर. नवऱ्यामुळे दार उघडणं ही समान गोष्ट धरायची तर आपल्याकडचा पुरावा विरुद्ध जातो.

मात्रावृत्त
आणि नवरा असूनही एकत्र बसायला वेळ नसायचा! 'विल यू लव्ह मी'ची चाल किंगने टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली, निरोप ठेवला आणि माजाँग खेळायला गेली. गॉफिन कामावरून आल्यावर त्या टेपवर शब्द बसवले. बिघडणारी मेख तिथेच असते: टेपवर सूर कळतो, कुठल्या शब्दावर जोर हवा ते कळत नाही. म्हणून टेपवर चाल देताना नुसतं गुणगुणण्यापेक्षा टाळी देऊन द्यावी, दोन पट्ट्यांत द्यावी, आणि गायकाची वरची मर्यादा कुठल्या सुरापर्यंत ते तोंडी सांगावं. आज फोनवर चाल पाठवणाऱ्या संगीतकारांनी एवढं केलं तरी गीतकाराच्या दोन फेऱ्या वाचतील.

जाईजुई
टेलर स्विफ्टचं काय? तिने जुने अल्बम पुन्हा गायले, तसं आपल्याकडच्या गायिका-गीतकार मुलीला करता येईल?

एडिसनकर
तिचे ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे होते, ती कंपनी २०१९ला विकली गेली. पण शब्द-चाल यांचे हक्क तिच्या हातात होते, आणि कराराप्रमाणे ठराविक काळानंतर पुन्हा गायची मुभा होती. म्हणून २०२१पासून नव्या आवृत्त्या आल्या. मे २०२५मध्ये मूळ ध्वनिमुद्रणंही तिने विकत घेतली. सगळी मदार शब्द-चालीवर हक्क असण्यावर.

कायदेपंडित_पुणे
आपल्याकडे शब्द-चालीचे हक्क कंपनीला देऊन टाकले असतील तर पुन्हा गायलाही त्यांचा परवाना लागतो. कायद्यात आवृत्ती-गीताची (कव्हर व्हर्जनची) सोय आहे, पण पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, आगाऊ रॉयल्टी भरून. म्हणून स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या मुलीने करार करताना दोन वेगळे कागद करावेत: एक ध्वनिमुद्रणाचा, एक शब्द-चालीचा. पहिला द्यावा, दुसरा मुदतीने वापरायला द्यावा. आणि दोघी-तिघींनी मिळून लिहिलं असेल तर त्याच दिवशी अर्धा पानभर वाटणीपत्रक: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकीचं पूर्ण नाव, आयपीआय क्रमांक, टक्के, सह्या. टक्क्यांची बेरीज १०० भरते ना ते पाहायचं. गाणं गाजल्यावर टक्के ठरवायला बसलं की मैत्री जाते.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. पगार आणि कागद हे दोन मुद्दे टिकले असं दिसतं. 'संगीतकाराची खोली' याऐवजी तारसप्तक यांचं 'रोजचा ताल' घेतो. रानजाई यांचा 'दुसऱ्याच्या तोंडी शोभेल असं लिहिणं' हा माझ्या तिन्ही मुद्द्यांपेक्षा जास्त पटला, तो वर नेतो. एडिसनकरांचा साक्षीदार नव्याने घेतो, कारण बहिणाबाई आणि कॉटन यांचं दुसरं कुठलंच स्पष्टीकरण पुरत नाही. आघाताचा मुद्दा वादात ठेवतो.

तक्ता करतोय: नाव, टोपणनावं, माहेर-सासरची आडनावं, उपजीविकेचं काम, मुख्य संगीतकार, प्रकाशनाचा हक्क कोणाकडे. विटणकर, माया गोविंद, राणी मलिक यांच्या रेकॉर्डची वेष्टनं ज्यांच्याकडे असतील त्यांनी गीतकाराचं नाव जसं छापलंय तसंच, आद्याक्षरांसकट, इथे लिहा.

ताम्रपट
डोरोथी फिल्ड्स घाला तक्त्यात. 'द वे यू लुक टुनाइट', १९३६, संगीत जेरोम कर्न. गाण्याचं ऑस्कर मिळवणारी पहिली स्त्री. वडील लू फिल्ड्स स्वतः रंगभूमीवरचे नामवंत, आणि मुलीने या धंद्यात येऊ नये म्हणून त्यांचाच विरोध.

स्वल्पविराम
वेष्टनांबरोबर क्रमांकही लिहा मंडळी, नंतर शोधायला सोपं जातं. आघाताचा मुद्दा वादात ठेवल्याबद्दल गोदाकाठ यांचे आभार, त्यावर वेगळा धागा काढते.